दुसऱ्याने दिलेले गुण

मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले तेव्हा तिथे शिकवले जात नव्हते. त्याचा आराखडा लंडन विद्यापीठावरून घेतलेला होता, आणि त्या काळचे लंडन विद्यापीठ म्हणजे मुख्यतः परीक्षा घेणारी आणि पदव्या देणारी संस्था. शिकवण्याचे काम महाविद्यालयांनी करायचे. अभ्यासक्रम, प्रश्नपत्रिका, गुण आणि पदवी विद्यापीठाने ठरवायची. विद्यापीठाचे स्वतःचे अध्यापन-विभाग उभे राहायला विसावे शतक उजाडावे लागले. लंडनने १९०० च्या सुमारास ही रचना बदलून अध्यापनाची जबाबदारीही स्वीकारली. आपल्याकडे मात्र शिकवणारा एक आणि पारखणारा दुसरा ही विभागणी संलग्न महाविद्यालयांच्या व्यवस्थेतून आजपर्यंत टिकून राहिली आहे. उच्च शिक्षणातल्या आंतरराष्ट्रीय भागीदारीचा विषय मांडताना इतक्या मागे जाण्याचे कारण असे, की या भागीदारीची सगळ्यात अवघड गाठ नेमकी याच ठिकाणी आहे. दोन देशांतल्या विद्यापीठांचे नाते खरे आहे की नावापुरते, हे ओळखण्याची माझ्या मते एकच भरवशाची खूण आहे. तिकडच्या अध्यापकाने दिलेले गुण इकडचे विद्यापीठ आपल्या गुणपत्रिकेवर आपले म्हणून उतरवते का, आणि इकडचे गुण तिकडे तसेच उतरतात का? भेटीगाठी, परिषदा, सामंजस्य करार हे सगळे उपयोगी आहे, पण ते या प्रश्नाच्या अलीकडचे आहे.

प्रश्न आज तातडीचा झाला आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने आंतरराष्ट्रीयीकरणाला जाहीर उद्दिष्ट मानले. मे २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने परदेशी संस्थांबरोबर ट्विनिंग, संयुक्त पदवी आणि दुहेरी पदवी यांचे नियम काढले. २०२३ मध्ये परदेशी विद्यापीठांना भारतात स्वतःचे परिसर उघडायला परवानगी मिळाली. जून २०२५ मध्ये यॉर्क, ॲबर्डीन, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया या विद्यापीठांसह पाच परदेशी संस्थांना मुंबई-नवी मुंबईतल्या परिसरांसाठी इरादापत्रे दिली गेली. दुसरीकडे, २०२४ मध्ये परदेशात शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांची संख्या सरकारी आकड्यांनुसार तेरा लाखांच्या वर होती, तर २०२१-२२ च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणात भारतात शिकणारे परदेशी विद्यार्थी ४६,८७८ होते. या तफावतीमागे पैसा, रोजगार, व्हिसा अशी अनेक कारणे आहेत. तरी तिचा एक अर्थ शिक्षणापुरताच आहे: आपले विद्यार्थी तिकडच्या मूल्यमापनावर स्वतःचे भविष्य सोपवायला तयार आहेत, आपल्या मूल्यमापनावर जगाने तसा विश्वास अजून ठेवलेला नाही. करारांची संख्या वाढवून हा विश्वास मिळणार नाही. तो कसा मिळतो हे पाहायला आपल्याच देशातली उदाहरणे पुरेशी आहेत.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दीड दशकात आयआयटी उभ्या राहिल्या त्या वेगवेगळ्या देशांच्या मदतीने. मुंबईत पवईच्या संस्थेला युनेस्कोमार्फत सोव्हिएत संघाची साथ मिळाली, मद्रासला पश्चिम जर्मनीची, दिल्लीला ब्रिटनची, कानपूरला अमेरिकेची. पवईच्या संस्थेचे पहिले वर्ग १९५८ साली वरळीत भरले. सोव्हिएत तज्ज्ञ आणि तंत्रज्ञ आले, यंत्रसामग्री आली, इथल्या अध्यापकांना तिकडे प्रशिक्षणासाठी शिष्यवृत्त्या मिळाल्या. या मदतीचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही; त्या काळात परकीय चलन टाकून अशा प्रयोगशाळा उभारणे आपल्याला शक्यच नव्हते. पण कानपूरची गोष्ट माझ्या मुद्द्यासाठी अधिक बोलकी आहे. १९६२ ते १९७२ अशी दहा वर्षे एमआयटी, कॅलटेक, प्रिन्स्टन, बर्कली, पर्ड्यू यांच्यासह नऊ अमेरिकन संस्थांचा संघ या कार्यक्रमात होता. पहिले संचालक पु. का. केळकर मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये शिकवलेले आणि पवईच्या संस्थेच्या पूर्वतयारीत सहभागी असलेले. १९६३ साली तिथे आयबीएम १६२० संगणक पोहोचला आणि त्याच्याबरोबर हॅरी हस्की यांच्यासारखे अमेरिकन संगणकतज्ज्ञ आले. कानपूरबद्दल बोलताना लोकांना आठवतो तो हा संगणक, आणि ते साहजिक आहे, कारण भारतातल्या संगणक-शिक्षणाची सुरुवात सांगताना त्याला वगळता येत नाही.

मला त्या दहा वर्षांतली दुसरी एक गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. कानपूरमध्ये सत्रपद्धती आली, गुणांच्या जागी अक्षरश्रेणी आल्या, अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला विज्ञान आणि मानव्यविद्यांचा भक्कम पाया मिळाला. आणि वर्गात शिकवणाऱ्यानेच प्रश्नपत्रिका काढायची, त्यानेच उत्तरपत्रिका तपासायच्या, त्यानेच श्रेणी द्यायची, असे ठरले. १८५७ पासून चालत आलेल्या विभागणीला हा सरळ छेद होता. विद्यापीठाच्या छापील अभ्यासक्रमात शब्दाचाही फेरफार न करता शिकवायचे आणि वर्षाअखेरीस कोण्या अनोळखी परीक्षकाच्या हाती आपला वर्ग सोपवायचा, ही सवय असलेल्या तरुण भारतीय अध्यापकाला अचानक आपल्या विद्यार्थ्याविषयी शेवटचा शब्द बोलण्याचा अधिकार मिळाला. शेजारच्या खोलीत त्याच विषयाचा दुसरा वर्ग घेणारा अमेरिकन अध्यापक हेच करत होता. दोघांच्या श्रेणींचे वजन सारखे होते. अमेरिकन परत गेले, संगणक जुना होऊन निकालात निघाला; हा अधिकार मात्र संस्थेत राहिला. पुढे कानपूरचा पदवीधर अमेरिकेत अर्ज करू लागला तेव्हा तिथल्या विभागांना त्याची गुणपत्रिका वाचता येत होती, कारण ती देणाऱ्यांना ते ओळखत होते.

यावर लगेच येणारा आक्षेप असा, की तेच पदवीधर मग तिकडेच राहिले आणि देशाच्या पैशावर घडलेली माणसे परक्यांच्या कामी आली. या आक्षेपात तथ्य आहे. पण भागीदारीमुळे माणूस जातोच असे मात्र नाही. त्याला परत यायला इथे काय उभे आहे यावर बरेच अवलंबून असते. मुंबई विद्यापीठाने १९१९ मध्ये पॅट्रिक गेडीज यांच्या नेतृत्वाखाली समाजशास्त्राचा विभाग सुरू केला आणि गो. स. घुर्ये यांना इंग्लंडला पाठवले. केंब्रिजहून डॉक्टरेट घेऊन ते परतले आणि १९२४ पासून त्यांनी तो विभाग सांभाळला. इरावती कर्वे, एम. एन. श्रीनिवास, अ. र. देसाई यांच्यासारखे अभ्यासक त्या विभागातून घडले. घुर्ये परतले तेव्हा त्यांच्यासाठी एक विभाग, एक खुर्ची आणि विद्यार्थी वाट पाहत होते. परदेशी शिष्यवृत्ती देताना तिच्या दुसऱ्या टोकाला विभाग उभा करण्याची ही दृष्टी आजच्या करारांत फार कमी दिसते.

दुसऱ्याने दिलेले गुण आपले मानण्याचा प्रश्न युरोपने मोठ्या प्रमाणावर सोडवला. इरास्मस कार्यक्रम १९८७ साली अकरा देशांतल्या ३,२४४ विद्यार्थ्यांपासून सुरू झाला. जाण्यायेण्याचा खर्च ही त्यातली सोपी बाजू होती. अवघड होते ते हे, की बोलोन्यात घालवलेले एक सत्र फ्रायबुर्गमध्ये वाया गेलेले सत्र ठरू नये. त्यासाठी १९८९ पासून समान श्रेयांकांची पद्धत आजमावण्यात आली: पूर्णवेळ अभ्यासाचे एक वर्ष म्हणजे ६० श्रेयांक. तिचे प्रत्यक्ष कामकाज पाहण्यासारखे आहे. विद्यार्थी निघण्यापूर्वी एक कागद तयार होतो. त्यावर तिकडे कोणते विषय घेणार, प्रत्येकाचे श्रेयांक किती, आणि त्यांच्या बदल्यात घरच्या विद्यापीठातले कोणते विषय पूर्ण झाले असे मानले जाईल, हे लिहिलेले असते. खाली तीन सह्या: विद्यार्थ्याची, पाठवणाऱ्या विद्यापीठाची, स्वीकारणाऱ्या विद्यापीठाची. सत्र संपले की तिकडून गुणपत्रिका येते आणि घरच्या विद्यापीठाने ते श्रेयांक जमेस धरायचे असतात. पुन्हा परीक्षा नाही, वेगळी समकक्षता नाही. त्या कागदावर विद्यापीठातर्फे सही करणाऱ्याला दुसऱ्या विद्यापीठातला विषय खरोखर वाचावा लागतो. हजारो अध्यापकांनी ही वाचनाची मेहनत वर्षानुवर्षे केली तेव्हा कुठे युरोपात पदव्यांची रचना जुळवण्याचा १९९९ चा बोलोन्या जाहीरनामा टिकाव धरू शकला. ब्रिटन या कार्यक्रमातून बाहेर पडला आणि २०२१ पासून त्याने ट्युरिंग नावाची स्वतःची योजना आणली. तिच्यात बाहेर जाणाऱ्या विद्यार्थ्याला पैसे होते, येणाऱ्याला नव्हते. परस्परता करारातून गळली की काय उरते याचे हे ताजे उदाहरण आहे.

आपल्याकडे अशा परस्परतेच्या सगळ्यात जवळ जाणारा प्रयोग पवईत आहे. आयआयटी मुंबई आणि ऑस्ट्रेलियातले मोनॅश विद्यापीठ यांनी २००८ मध्ये संयुक्त संशोधन अकादमी सुरू केली. पीएच.डी.च्या प्रत्येक विद्यार्थ्याला दोन्हीकडचा मार्गदर्शक असतो. तो बहुतेक काळ मुंबईत काम करतो, काही काळ मेलबर्नला जातो, आणि शेवटी दोन्ही संस्थांच्या नावाची एकच पदवी घेतो. म्हणजे प्रबंध पुरेसा आहे की नाही या निर्णयावर दोघांचेही नाव पणाला लागते. एका बाजूने ढिलाई केली तर दुसरीची पदवी हलकी होते, म्हणून दोन्ही मार्गदर्शकांना एकमेकांचे निकष समजून घ्यावेच लागतात. याच्या शेजारी सिंगापूरचे येल-एनयूएस महाविद्यालय ठेवून पाहावे. २०११ मध्ये स्थापन झालेली ही संस्था आशियातल्या उदार शिक्षणाचा आदर्श म्हणून गाजली. पूर्व-पश्चिम विचारपरंपरा एकत्र शिकवणारा तिचा अभ्यासक्रम खरोखर विचारपूर्वक घडवलेला होता. पण पदवी सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठाचीच होती, येलची नव्हती. ऑगस्ट २०२१ मध्ये त्या विद्यापीठाने महाविद्यालय गुंडाळण्याचे जाहीर केले. तिथल्या अध्यापकांना आणि विद्यार्थ्यांना निर्णय झाल्यावरच तो कळला, आणि २०२५ मध्ये शेवटची तुकडी बाहेर पडली. त्यामागे आर्थिक आणि इतर कारणेही चर्चिली गेली. मला दिसते ते असे, की ज्या भागीदाराने पदवीवर स्वतःचे नाव घातलेले नाही, त्याच्याशिवाय पुढे जाणे कधीही शक्य असते.

आता आपल्या नियमांकडे. २०२२ च्या नियमांनी तीन वाटा आखल्या. ट्विनिंगमध्ये पदवी भारतीय संस्थेची, आणि परदेशात मिळवायचे श्रेयांक तीस टक्क्यांच्या आत. संयुक्त पदवीत दोन्ही संस्थांत किमान तीस-तीस टक्के श्रेयांक मिळवायचे. दुहेरी पदवीत दोन पदव्या, आणि भारतीय संस्थेत किमान तीस टक्के. कागदावर हे चांगले आहे. २०२१ पासून श्रेयांक साठवणारी पेढीही आहे. पण सोलापूरच्या किंवा परभणीच्या एखाद्या संलग्न महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या अध्यापिकेच्या जागेवरून ही व्यवस्था पाहिली तर चित्र वेगळे दिसते. तिचा अभ्यासक्रम विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाने ठरवलेला असतो. प्रश्नपत्रिका तिच्या हाती परीक्षेच्या दिवशी, विद्यार्थ्यांबरोबरच येते. उत्तरपत्रिका कॅप केंद्रावर, म्हणजे मध्यवर्ती तपासणी केंद्रावर, जातात. तिथे ती दुसऱ्याच महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांचे पेपर तपासते आणि तिच्या विद्यार्थ्यांचे कोणी तिसराच. अंतर्गत गुणांचा वाटा अलीकडे वाढला आहे, पण त्या गुणांकडे आपलीच विद्यापीठे संशयाने पाहतात. लीड्सच्या एखाद्या अध्यापकाने तिच्याबरोबर एक विषय मिळून शिकवायचे ठरवले तर तो कोणाशी बोलणार? ती त्याला विषय सांगू शकेल, प्रयोगशाळा दाखवू शकेल. आपल्या विद्यार्थ्याच्या कामाची पारख करून त्याला श्रेणी देण्याचे वचन ती देऊ शकत नाही. करारावर सही कुलगुरूंची होते आणि ज्या टेबलावर भागीदारी घडायची तिथे अधिकारच नसतो.

यावर अनुभवी प्रशासक म्हणतील, आणि त्यांचे म्हणणे हलके घेऊ नये, की अध्यापकाला हा अधिकार दिला तर गुणांची खैरात होईल, शिफारशी चालतील, ओळखीपाळखीने निकाल लागतील. बाह्य परीक्षा ही गरीब विद्यार्थ्याची ढाल आहे. तिथे जात, गाव, आडनाव कोणाला दिसत नाही. हा आक्षेप सगळ्यात गंभीर आहे, आणि महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात त्याला भक्कम आधार आहे. पण त्याचे उत्तर अध्यापकाच्या हातून परीक्षा काढून घेण्यात नाही, पारख उघड करण्यात आहे. ब्रिटिश विद्यापीठांत शिकवणाराच तपासतो, मात्र दुसऱ्या विद्यापीठातला एक अध्यापक नमुन्यादाखल उत्तरपत्रिका पाहतो आणि दर्जाविषयी लेखी अभिप्राय देतो. अशी रचना दोन देशांच्या विभागांत घालता येते. नांदेडच्या विभागाच्या दहा उत्तरपत्रिका आणि ग्लासगोच्या दहा, नावे झाकून, दोन्हीकडच्या अध्यापकांनी तपासायच्या आणि फरक कुठे पडला यावर बोलायचे. पहिल्या वर्षी फरक मोठा पडेल. तो का पडला हे समजून घेताना जो अभ्यासक्रम सुधारतो, तो कोणत्याही परिषदेने सुधारत नाही.

दुसरा आक्षेप बरोबरीचा आहे. श्रीमंत देशातले विद्यापीठ मराठवाड्यातल्या विद्यापीठाचे गुण का मानेल? सगळ्याच विषयांत मानणार नाही, हे खरे. पण जिथे अभ्यासाचे साहित्य आणि जाण आपल्याकडे आहे तिथे ते मानले गेल्याची उदाहरणे आहेत. १९५० च्या दशकात पुण्याच्या डेक्कन कॉलेजने सु. मं. कत्रे यांच्या पुढाकाराने आणि रॉकफेलर फाउंडेशनच्या साहाय्याने भाषाविज्ञानाची उन्हाळी शिबिरे भरवली. अमेरिकन आणि भारतीय भाषाशास्त्रज्ञांनी तिथे एकत्र शिकवले. अमेरिकेकडे नवी वर्णनपद्धती होती. आपल्याकडे शेकडो भाषा होत्या आणि त्या बोलणारे, जाणणारे अभ्यासक होते. अशोक केळकर कॉर्नेलला जाऊन मराठीवर प्रबंध लिहून आले आणि पुढे डेक्कन कॉलेजात शिकवू लागले. पुण्यातच नंतर अमेरिकेच्या मिडवेस्टमधल्या महाविद्यालयांच्या संघाचा कार्यक्रम अनेक वर्षे चालला. तिथले विद्यार्थी पुण्यात येऊन मराठी शिकत, मराठी घरांत राहत, आणि इथल्या अभ्यासाचे श्रेयांक त्यांच्या मूळ महाविद्यालयात धरले जात. आयोवा-मिनेसोटाच्या महाविद्यालयांनी पुण्यातल्या मराठी शिक्षकांची पारख आपली मानली, कारण मराठीची पारख करणारे त्यांच्याकडे फारच थोडे होते. दख्खनचा बसाल्ट, कोरडवाहू शेती, सहकारी साखर उद्योग, मोडी दफ्तरे, ताम्रपाषाणयुगीन इनामगाव, भटक्या-विमुक्तांचे जीवन: जगाला ज्यांच्यासाठी महाराष्ट्रात यावे लागेल असे विषय कमी नाहीत. भागीदारीची सुरुवात तिथून केली तर बोलणी पहिल्या दिवसापासून समपातळीवर होतील.

बरोबरीच्या मागणीला आणखी एक बाजू आहे, आणि तिच्याविषयी आपण कमी बोलतो. भारतात येणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांत सर्वांत मोठा वाटा नेपाळचा आहे. अफगाणिस्तान, बांगलादेश आणि आफ्रिकी देशांतूनही बरेच येतात, आणि पुणे हे त्यांचे जुने ठिकाण. त्यांच्या बाबतीत वजनदार भागीदार आपण असतो. काठमांडूहून किंवा दार-ए-सलामहून आलेल्या विद्यार्थ्याचे तिथले श्रेयांक आपण किती सहज जमेस धरतो? एलिजिबिलिटीच्या, म्हणजे प्रवेशपात्रतेच्या, खिडकीवर त्याला काय अनुभव येतो? लंडनने आपल्यावर विश्वास ठेवावा असे वाटत असेल तर काठमांडूवर तो कसा ठेवायचा याची रीत आपणच घालून द्यायला हवी. तिथे आपल्याला कोणी अडवलेले नाही.

परदेशी परिसर आता दारातच येत आहेत, मग भागीदारीचा खटाटोप कशाला, असाही प्रश्न येईल. त्या परिसरांचे स्वागत करावे. घर आणि देश न सोडता परदेशी पदवी मिळाली तर अनेक कुटुंबांचा खर्च वाचेल. पण २०२३ च्या नियमांनुसार तिथली पदवी, अभ्यासक्रम आणि मूल्यमापन पूर्णपणे त्या परदेशी विद्यापीठाचे असेल. शेजारच्या पनवेलच्या किंवा उरणच्या महाविद्यालयाला त्यातून आपोआप काही मिळणार नाही. उलट चांगले अध्यापक आणि फी भरू शकणारे विद्यार्थी तिकडे ओढले जाण्याचा धोका आहे. राज्य सरकार या परिसरांना सवलती देणार असेल तर त्याबदल्यात एक अट घालता येईल: दर सत्रात काही विषय स्थानिक महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांना खुले असावेत, स्थानिक अध्यापकांबरोबर मिळून शिकवले जावेत, आणि त्यांचे श्रेयांक दोन्हीकडे धरले जावेत.

कोणाला संधी मिळते हा प्रश्न नियमांतही दडलेला आहे. २०२२ च्या नियमांत भारतीय संस्थेसाठी नॅक मूल्यांकनात किमान ३.०१ गुण किंवा राष्ट्रीय क्रमवारीत पहिल्या शंभरात स्थान अशी अट आहे. परदेशी संस्था जागतिक क्रमवारीत पहिल्या हजारात हवी. दर्जाची हमी हवी हे मान्य. पण क्रमवारी संपूर्ण विद्यापीठाला लागते आणि भागीदारी विभागाविभागात घडते. सामान्य क्रमांकाच्या विद्यापीठातही एखादा वनस्पतिशास्त्राचा किंवा इतिहासाचा विभाग उत्तम असतो, आणि नामांकित विद्यापीठात कोमेजलेले विभाग असतात. विभागाची परीक्षा घेऊन त्यालाच परवानगी देणारी तरतूद आली तर विदर्भ-मराठवाड्यातल्या, कोकणातल्या अनेक अध्यापकांना दार उघडेल. ते उघडेपर्यंतही करण्यासारखे काम आहे, आणि त्याला परदेशी भागीदाराची गरज नाही. नागपूर आणि कोल्हापूर या दोन विद्यापीठांतल्या एकाच विषयाच्या दोन विभागांनी एक सत्र, एक विषय मिळून शिकवावा, दोघांनी मिळून तपासावा, आणि नागपूरने दिलेले गुण कोल्हापूरच्या गुणपत्रिकेवर मायग्रेशन सर्टिफिकेटशिवाय, समकक्षतेच्या अर्जाशिवाय उतरावेत. श्रेयांकांची पेढी त्यासाठी तयार आहे. दोन अभ्यास मंडळांचा एक-एक ठराव आणि दोन विभागप्रमुखांच्या सह्या एवढेच बाकी आहे.